दर्याखालचा दुसरा दर्या

शिकलेल्या भाच्याकडून काय काय करून घ्यावं याबद्दल कोकणातल्या मामांची मतं पक्की असतात. बँकेतले फॉर्म, सातबाऱ्यातली चूक, टीव्हीचा रिमोट, आणि हल्ली त्यात मासे शोधायच्या यंत्राची भर पडली आहे. मी इंजिनिअर आहे खरा, पण पुलांचा. पाण्याशी माझा संबंध एवढाच, की ते पुलावरून वाहू नये. मालवणात मात्र इंजिनिअरला शाखा नसतात. "तू इंजिनेर मां? मगे तुका म्हायत असतला," असं मामा म्हणाला आणि माझी नेमणूक झाली.

मामाची होडी फायबरची, मागे आऊटबोर्ड, धंदा न्हयीचा, म्हणजे जाळ्याचा. यंत्र घ्यायला त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सगळीकडे खडप. जाळं त्यात अडकलं की निम्मं दर्याला दान करून घरी यायचं, आणि मग उरलेलं ओटीवर बसून तुणत राहायचं. खाली खडप आहे की वाळू हे आधीच कळलं तर जाळं वाचेल, हा हिशोब बिनचूक होता. खरं कारण एवढंच, की शेजारच्याने ते आधी घेतलं होतं आणि संध्याकाळी पारावर तो "आमच्या स्क्रीनवर" असं वाक्य सुरू करायला लागला होता.

दुकान रत्नागिरीत. काचेमागे चार इंचापासून बारा इंचापर्यंत पडदे लावलेले आणि प्रत्येक पडद्यावर नकली समुद्रात नकली मासे पोहत होते. दुकानातल्या यंत्राला सेन्सर जोडलेला नसतो, मासे त्याच्या पोटातच भरून ठेवलेले असतात. मामा त्यातल्या एका यंत्रासमोर बराच वेळ उभा होता. "हयसर बरो मासो आसा," असं तो म्हणाला तेव्हा दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं, ते पाहून मी मामाचा दंड धरला.

दुकानदार म्हणाला, "हे तीनशे मीटरपर्यंत तळ दाखवतं."

मामा म्हणाला, "तीनशे मीटर खोल पाण्यात जावक तेल कोण घालतलो? तुमी?"

मामाचं बरोबर होतं. तेवढं खोल पाणी गाठायचं तर मालवणहून शंभराहून जास्त किलोमीटर बाहेर जावं लागेल, आणि मामाची होडी सहसा दहा-पंधरा वाव पाण्याच्या पुढे जात नाही. दुकानदार मग बाजूचंही दाखवणाऱ्या यंत्राकडे वळला. ते खरंच सुंदर चित्र काढतं, बुडालेल्या होडीच्या फळ्यासुद्धा दिसतात. पण त्याचा आवाज फार बारीक, म्हणजे चारशे-आठशे किलोहर्ट्‌झचा. तो पाण्यात लवकर दमतो. बुडालेल्या फळ्या बघून मामीला काय सांगायचं, हा प्रश्नही होताच. शेवटी मी दोनच गोष्टींवर अडून बसलो. पडदा उन्हात वाचता आला पाहिजे, कारण दुकानात ट्यूबलाइट असते आणि होडीवर सूर्य. आणि यंत्रात ५० आणि २०० किलोहर्ट्‌झ असे दोन्ही आवाज हवेत.

हे दोन आवाज काय ते मामाला दुकानातच समजवावं लागलं. होडीच्या बुडाशी बसवलेला सेन्सर खाली ओरडतो आणि कान लावून बसतो. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो. पंधरा मीटर खाली तळ असेल तर जाऊन-येऊन तीस मीटर, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. तेवढ्यात उत्तर आलं की यंत्र म्हणतं, तळ पंधरा मीटरवर. ५० चा आवाज खोल जातो आणि रुंद पसरतो. २०० चा कमी खोल जातो, पण बारकावे सांगतो. त्याचा झोत साधारण वीस अंशांचा धरला तर पंधरा मीटरवर जेमतेम पाच मीटरचा गोल दिसतो. म्हणजे एवढा अरबी समुद्र, आणि त्यातला आपल्याला दिसतो माजघराएवढा.

"मगे बाकीच्या दर्यात काय आसा ता कोण सांगतलो?" मामाने विचारलं. दुकानदाराने त्याच क्षणी मोठ्या पडद्याचं मॉडेल पुढे सरकवलं. धंदा कसा करावा हे त्या माणसाकडून शिकावं.

यंत्र घरी आलं आणि खरी लढाई सुरू झाली, कारण सेन्सर होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने बसतो. स्क्रूला भोक लागतं. मामी हातातला कोयता तसाच धरून बाहेर आली. "नवे होडयेक भोक? पाण्याखाली?" आजोबांनी तर ड्रिल मशीनच मांडीखाली घेतलं आणि वर बसून राहिले. त्यांच्या सत्तर वर्षांच्या अनुभवात होडीला भोक पडणं आणि भोक पाडणं यांत फरक नव्हता. भरीव फायबरच्या आतून सेन्सर चिकटवून आरपार ऐकता येतं असं मी म्हणालो, तर होडीच्या तळात दोन थरांमध्ये फोम निघाला. फोम म्हणजे हवा, आणि हवेपुढे हा आवाज हात टेकतो. मग मामानेच तोडगा काढला. आधी फळीवर सागाचा तुकडा चिकटवायचा आणि स्क्रू त्यात मारायचे, होडीत नाही. कंपन्यांच्या माहितीपुस्तकात हीच युक्ती लिहिलेली असते, हे मी त्याला सांगितलं नाही. आजोबा ड्रिलवरून उठले.

जागा ठरवायलाही शास्त्र आहे. पंख्यापासून हातभर लांब, आणि सेन्सरचं तोंड तळापेक्षा किंचित खाली, म्हणजे फेसातून न जाता ते सलग पाण्यात राहतं. मागून पाहिलं तर आपला पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, उजव्या बाजूला त्याची पाती वरून खाली येतात आणि तिथे फेस कमी होतो. म्हणून सेन्सर उजवीकडे. पण मामा उजवीकडूनच जाळं ओढायचा. या विषयावर जी चर्चा झाली तिच्यात ज्ञानापेक्षा आवाजच जास्त होता, आणि तो कुठल्याही वारंवारतेत बसत नव्हता. शेवटी जाळं ओढायची बाजू बदलली. मामा आजही मला त्याबद्दल ऐकवतो.

पहिल्याच फेरीत पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडला. "तारली रे तारली!" मामा ओरडला आणि त्याने इंजिन वाढवलं. ठिपके वाढले. कमी केलं, ठिपके कमी झाले. मामाने तिथल्या तिथे सिद्धांत मांडला, की हल्लीच्या तारलीला इंजिनाचा आवाज आवडतो. वास्तविक यंत्राची वायर इंजिनाच्या वायरींच्या गळ्यात गळा घालून गेली होती आणि इंजिनाचा विजेचा गोंगाट पडद्यावर पोहत होता. वायर वेगळी काढून, स्वतःचा फ्यूज लावून, सरळ बॅटरीला जोडली तेव्हा सगळी तारली गेली. मामाचा चेहरा बघवेना. भरलेला समुद्र भाच्याने रिकामा केला होता.

त्याहून मोठं प्रकरण माशांच्या चित्रांचं. या यंत्रांत अशी सोय असते, की मधल्या पाण्यात काहीही आढळलं की यंत्र तिथे माशाचं छोटं चित्र काढतं, जवळ त्याची खोली लिहितं आणि 'टीं' असं वाजतं. बुडबुडे असोत, जेलीफिश असो, मुंबईच्या पर्यटकाने सोडलेली प्लास्टिकची पिशवी असो, यंत्राच्या मते तो मासा. ही सोय बंद ठेवावी असं जाणकार सांगतात. खऱ्या माशाची खूण कमानीसारखी येते. झोताच्या कडेला असताना तो सेन्सरपासून लांब असतो, मध्ये जवळ, पुन्हा कडेला लांब. मात्र होडी किंवा मासा, कोणीतरी हललं पाहिजे. दोघेही थांबले तर तोच मासा पडदाभर आडवी रेघ होतो. कारण पडद्याची फक्त उजवी कड म्हणजे आत्ता. बाकी सगळं होऊन गेलेलं. होडी उभी असताना मामाने अशीच एक रेघ पाहिली आणि माशाच्या लांबीचा अंदाज वीस हात सांगितला. देवमासा असेल या भीतीने खलाशाने गणपतीला नारळ बोलला.

चित्रं मी बंद केली. दुसऱ्या दिवशी ती परत चालू होती. मामा म्हणाला, "बघूक बरां वाटता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किल्ल्यामागच्या खडपावर गेलो तेव्हा पडद्यावर आठ वावावर जाड रेघ आली आणि सोळा वावावर आणखी एक. मामाने इंजिन बंद केलं. "दर्याखाली आणखी एक दर्या आसा." आजोबा हौसेने बरोबर आले होते, ते शांतपणे म्हणाले, "ता पाताळ." प्रकार असा, की तळ कठीण असला की प्रतिध्वनी वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आणि होडीवर आपटतो, पुन्हा खाली जातो आणि पुन्हा वर येतो, यंत्राला तो दुप्पट खोलीवरचा तळ वाटतो. चिखलावर असं सहसा होत नाही, चिखल आवाज गिळून टाकतो. म्हणजे दुसरी रेघ दिसली की खाली खडप, जाळं टाकू नये. यंत्राचे सगळे पैसे या एका खोट्या रेघेत वसूल होतात असं माझं मत आहे. आजोबांच्या लहानपणी याच कामाला दोरी आणि शिशाचा गोळा होता. गोळ्याच्या बुडाला साबण लावून खाली सोडायचा. वर येताना वाळू किंवा चिखल चिकटून आला तर ठीक, कोरा आला तर खडप. आजोबांच्या त्या यंत्राला फ्यूज नव्हता.

या यंत्राच्या घराण्यात शोधायचं एक आणि सापडायचं दुसरंच, अशी परंपराच आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर आलेक्सांडर बेम नावाचा जर्मन शास्त्रज्ञ हिमनग शोधायचं यंत्र करायला बसला. हिमनग काही त्याला नीट सापडले नाहीत, समुद्राचा तळ मात्र उत्तम सापडला. दुसऱ्या महायुद्धानंतर नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी तळ मोजायच्या यंत्रातून १९४८ साली मासे शोधायचं यंत्र काढलं. आता मामा त्यात मासे शोधतो आणि त्याला खडप सापडतं.

मासे का सापडत नाहीत याचं कारण ऐकून तर मामाने यंत्राकडे पाठ फिरवली. माशाचं मांस जवळपास पाण्यासारखंच, त्यावरून आवाज फारसा परतत नाही. परततो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. आणि ही पिशवी इसवणाला नसते. मोठ्या पापलेटला नसते. मोरीला नसते. म्हणजे मालवणच्या ताटातले मानकरी पडद्यावर पुसट, आणि ठळक कोण, तर शेंगटी! २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी गुजरातने घोळीला. घोळीची सगळी किंमत तिच्या त्या पिशवीत, म्हणजे भोतात असते आणि भोत पडद्यावर दिव्यासारखं चमकतं. मामाच्या मते यातही गुजरातने हिशोब आधी केला.

आता मी ठाण्याला असतो आणि यंत्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतं. पहाटे साडेपाचला पडद्याचा फोटो येतो: निळ्यात पिवळे शिंतोडे, खाली लाल पट्टा, कडेला मामाचा अंगठा. मागोमाग प्रश्न, "ह्या काय?"

मी लिहितो, "गेन कमी करा," म्हणजे यंत्राचा कान जरा मंद करा.

"केलंय. आता कायच दिसना नाय."

"मग खाली काही नाहीच, मामा."

थोड्या वेळाने उत्तर येतं: "काय नाय ता माका आधीपण दिसा होता. फुकट."

तासाभराने दुसरा फोटो येतो. त्यात पडदा नसतो, टोपलीत तीन इसवण असतात. कुठे मिळाले विचारलं तर मामा सांगत नाही; शेजारच्याचा भाचाही याच ग्रुपवर आहे.