फिनेलला न भिणारा

मराठी घरात स्वच्छता नाकाने तपासतात. जिना पुसल्यावर फिनेलचा दर्प आला नाही, तर तो पुसला गेला यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी विश्वास ठेवत नाहीत. करोनाने या श्रद्धेत सॅनिटायझरची भर घातली. आमच्या चपलांच्या कपाटावर त्या काळातली एक निळी बाटली अजून उभी आहे. तिच्यात सध्या काय आहे हे कोणी सांगू शकत नाही, पण टाकून द्यायचा धीर होत नाही.

कुत्र्याच्या पिल्लांना पार्वो होतो, त्याचा विषाणू या सगळ्याला भीक घालत नाही. करोनाच्या विषाणूला निदान चरबीचं आवरण होतं. साबण लागला की ते विरघळायचं आणि विषाणूचा कारभार आटपायचा. पार्वोला असलं आवरणच नाही. ज्याच्या अंगावर काही नाही त्याचं धुऊन काढणार काय? साबण, सॅनिटायझर, फिनेल, कापूर, धूप, गोमूत्र, सगळं त्याच्या अंगावरून निघून जातं. आकार म्हणाल तर मिलिमीटरचे चाळीस हजार भाग करा, त्यातला साधारण एक. घराच्या फरशीवर महिना-दोन महिने सहज राहतो आणि झाडाखालच्या ओलसर सावलीच्या मातीत वर्षभरसुद्धा तग धरतो. भाडेकरू म्हणून याच्याइतका चिवट पुण्याच्या वाड्यांनीही पाहिला नसेल.

हा अभ्यास मला घरबसल्या झाला तो भाच्याच्या कृपेने. एका संध्याकाळी तो धायरी फाट्यावरून सॅकमध्ये एक पिल्लू घेऊन आला. ‘मामा, फक्त दोन दिवस. होस्टेलवर विचारतो आणि नेतो.’ होस्टेलवर काय उत्तर मिळणार हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बहुधा पिल्लालाही माहीत असावं, कारण ते आल्याबरोबर सोफ्याखाली कायमचं राहायला आल्यासारखं पसरलं. मग उठून त्याने आमच्या दोन मोठ्या कुत्र्यांपैकी बंड्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं, चिंगीचा कान चावला आणि बायकोच्या हिरव्या पायपुसण्यावर आपली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठेना. दुपारपर्यंत उलट्या, संध्याकाळी रक्ताचे जुलाब आणि एक असा वास, जो एकदा घेतला की नाक विसरत नाही.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्यांनी शौचाचा नमुना घेऊन एक पांढरी पट्टी टेबलावर ठेवली. त्यावर दोन रेघा उमटल्या. गेल्या काही वर्षांत दोन रेघांची आपण इतकी धास्ती घेतली आहे, की अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. पिल्लाला ताबडतोब सलाइन लागलं. या विषाणूवर थेट मारा करणारं रोजच्या वापरातलं औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवायचं, उलट्या थांबवायच्या, फाटलेल्या आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंना अँटिबायोटिकने अडवायचं आणि पिल्लाला लढायला वेळ मिळवून द्यायचा. उपचार न मिळालेली पिल्लं बहुतेक जातात, वेळेवर मिळाले तर बरीचशी वाचतात. म्हणून डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच सांगितलं, की ताक, ओआरएस आणि माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या असले घरगुती प्रयोग करत एक दिवससुद्धा घालवायचा नाही.

‘आणि काका, घरातले दोघं मोठे?’ त्यांनी विचारलं. ‘त्यांचं कार्ड?’

मध्यमवर्गीय घरात गॅसचं पुस्तक, घराचं अॅग्रीमेंट आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला एका फायलीत असतो. कुत्र्यांची लसीची कार्डं कुठे असावीत यावर मात्र एकमत नव्हतं. बायको म्हणाली, तुमच्या टेबलात. मी म्हणालो, तुझ्या कपाटात. ती शेवटी सापडली आईच्या पोथीत, कारण ‘कुणीतरी फेकून देईल म्हणून मी नीट ठेवली’. डॉक्टरांना नुसता शिक्का बघायचा नव्हता. त्यांना बघायचं होतं की पिल्लूपणातला शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यानंतर पडलाय का, आणि वर्षानंतरचा बूस्टर झालाय का. दोन्ही झालं होतं. चिंगीचा पुढचा डोस जवळ आलाच होता, तो त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकला. बंड्याकडे बघून त्या म्हणाल्या, ‘याला काही होत नाही.’ बंड्याला हे ऐकून आनंद झाल्याचं दिसलं नाही. त्याला दवाखान्यात काहीच आवडत नाही.

सोळा आठवड्यांचंच काय एवढं, असं मला वाटलं होतं. कारण ऐकलं आणि मी थोडा गप्प झालो. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचं जे पहिलं दूध पितं, त्यातून आईची प्रतिकारशक्ती त्याच्यात उतरते. ती पिल्लाला सांभाळते, पण लसही ती विषाणूच समजते आणि तिलाही हाकलून लावते. मग आठवड्यागणिक आईचं हे देणं ओसरत जातं. एक वेळ अशी येते, की ते लसीला अडवण्याइतकं उरलेलं असतं, पण खऱ्या विषाणूला अडवण्याइतकं नसतं. हीच ती फट. कुठल्या पिल्लात ती कधी पडेल हे बाहेरून कळत नाही. कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची चौदाव्या. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दोन-चार आठवड्यांनी पुन्हापुन्हा टोचायचं, सोळा आठवडे ओलांडेपर्यंत. यातली एखादी तरी सुई आईचं देणं संपल्यावर लागावी, एवढाच हेतू. ‘एक इंजेक्शन झालंय की’ म्हणून पिल्लाला बागेत सोडणारे याच फटीत पिल्लू सोडतात. आईची मायाच लेकराच्या आड येते हे मराठी घरात कुणाला समजावून सांगायला नको. पण इथे ती प्रयोगशाळेत मोजता येते.

दुसरी गोष्टही तितकीच वाईट आहे. या विषाणूला स्वतःची वाढ करायला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात. त्या असतात आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. एकीकडे आतडं सोलून निघतं, दुसरीकडे लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच तयार होईनाशा होतात. अगदी कोवळ्या पिल्लात तो हृदयालाही धरतो. म्हणजे पिल्लाचा गुन्हा काय, तर ते वाढतंय.

घरी आल्यावर सगळी सूत्रं आईने हातात घेतली. डॉक्टरांनी सांगितलेले नियम असे: आधी धडधाकट कुत्र्यांचं खाणंपिणं उरकायचं, मग आजारी पिल्लाकडे जायचं, उलट कधीच नाही. पिल्लाचं भांडं, पट्टा, पांघरूण, झाडू वेगळं. त्याच्याकडे जाताना वेगळ्या चपला, वेगळे कपडे आणि बाहेर आल्यावर ते थेट धुवायला. पिल्लू दिवसा दवाखान्यात सलाइनवर आणि रात्री आमच्या ड्राय बाल्कनीत. मी आणि बायको हे पाठ करत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, ‘म्हणजे सोवळं. एवढंच ना?’

आईने सोवळं सोडून कित्येक वर्षं झाली. सासूबाईंच्या हाताखाली ओल्या लुगड्याने स्वयंपाक करून कंटाळली आणि सत्ता हातात आल्याबरोबर तिने ते मोडीत काढलं. पण कसब विसरली नव्हती. कोण कुठून आलं, कशाला शिवलं, आता कुठे पाय ठेवणार, याचा हिशेब ती डोळे मिटून ठेवू शकते. ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्यावर खडूने रेघ आली. मी चुकून दारावरचा नॅपकिन उचलला तर आतून आवाज आला, ‘तो तिकडचा आहे!’ मी म्हटलं, ‘आई, हे तू एन्जॉय करते आहेस.’ ती म्हणाली, ‘अरे, तेव्हा नुसता हुकूम होता, कारण कुणी सांगायचं नाही. इथे कारण आहे.’ तेव्हाच्या सोवळ्याने माणसं दूर राहिली, जंतू एकही मेला नसेल. हे तिने म्हटलं नाही, मी म्हणतो.

फरशीला काय लावायचं, तर ब्लीच. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. त्याआधी घाण पूर्ण काढून फरशी धुऊन घ्यायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं. मग द्रावण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ही दहा मिनिटं मराठी घराला जमत नाहीत. ओली फरशी दिसली की कुणीतरी फडकं घेऊन धावतंच. वर डॉक्टरांनी बजावलं होतं की ब्लीचमध्ये अॅसिड किंवा फिनेल मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. ‘दोन्ही टाकलं तर डबल’ हा आमच्या कामाच्या मावशींचा सिद्धान्त मोडून काढायला मला विषाणूशी लढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. हिरवं पायपुसणं मात्र ब्लीचने पिस्ता रंगाचं झालं आणि मग फेकलंच.

सोसायटीत बातमी पसरली तेव्हा चेअरमननी तातडीने पार्किंगमध्ये फिनेल मारून घेतलं. सगळ्यांना बरं वाटलं. खालच्या मजल्यावर दहा आठवड्यांचं लॅब्रॅडॉर आलेलं होतं, त्याचा एकच डोस झालेला. खरी काळजी करण्यासारखं कुत्रं ते होतं. आमचे बंड्या-चिंगी आजारी पडले नाहीत तरी त्यांच्या पंजांवरून, आमच्या चपलांवरून, पँटच्या काठावरून विषाणू लिफ्टमध्ये उतरू शकत होता. इतके दिवस आम्ही आपल्या कुत्र्यांना जगापासून वाचवायच्या विचारात होतो. आता कळलं की जगाला आमच्यापासून वाचवायचंय. आम्ही जिन्याने जायला लागलो. लॅब्रॅडॉरच्या मालकीणबाई मला पाहून हसून ‘या ना, बघायला’ म्हणायच्या आणि मी देवळाबाहेर चप्पल शोधणाऱ्या माणसासारखा लांबूनच हात हलवायचो.

आई शेजाऱ्यांना सांगायची, ‘आमच्या वेळी कुत्र्यांना असलं काही नव्हतं.’ आमच्या वेळी असलं काही नव्हतं, हे वाक्य ज्येष्ठ नागरिक रस्ते, भाज्या, सुना आणि पाऊस या सर्वांबद्दल म्हणतात आणि आपण मान हलवतो. पण इथे ते शब्दशः खरं आहे. कुत्र्यांचा हा पार्वो जगाच्या नजरेस आला तो १९७८ साली. मांजरांच्या अशाच एका विषाणूशी त्याचं फार जवळचं नातं आहे. तिकडूनच कुठूनतरी, जनुकांत मोजके बदल करून त्याने कुत्र्यात शिरकाव केला आणि दोनेक वर्षांत सगळं जग फिरून आला. एकाही कुत्र्याकडे त्याच्याविरुद्ध तयारी नव्हती. सुरुवातीला हातात काहीच नव्हतं म्हणून मांजरांची लस कुत्र्यांना टोचत होते. मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्यांची लस तयार केली. तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वाड्यातल्या मोत्याला भीती होती ती फक्त म्युनिसिपालिटीच्या गाडीची. आणि आम्हाला भीती मोत्या चावला तर पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची. हा विषाणू माझ्यापेक्षा वयाने लहान आहे, हे कळल्यावर त्याचा मला जरा जास्तच राग आला.

लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात, क्वचित दोन आठवडे. तेवढा काळ लक्ष ठेवा, मरगळ, उलटी, खाणं सोडणं, काहीही दिसलं तर लगेच आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लक्ष ठेवायला आमच्या घरात माणसं भरपूर. बंड्या-चिंगी सकाळी फिरून आले की वृत्तान्त कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायचा. अमेरिकेतली बहीण, म्हणजे या सगळ्याचं मूळ असलेल्या भाच्याची आई, तिथल्या रात्री उठून विचारायची, ‘घट्ट होती ना?’ एरवी ती माझ्या तब्येतीची चौकशी दिवाळीला करते.

आणि इथेच बंड्याला शोध लागला. आयुष्यभर त्याने पोळी नाकारली की आम्ही ‘नको तर नको’ म्हणून भांडं उचलायचो. आता त्याने पोळी हुंगून तोंड फिरवलं आणि घरात हलकल्लोळ माजला. ताप बघितला, हिरड्या बघितल्या, डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘उकडलेलं चिकन देऊन बघा, खातोय का.’ आमच्या शाकाहारी घरात चिकन आलं. ते ड्राय बाल्कनीच्या शेजारी, जुन्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात, आईच्या देखरेखीखाली शिजलं. बंड्याने ते भांड्यासकट चाटून पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पोळीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. चिंगी दोन दिवस पाहत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तीही मलूल झाली. तिची शेपूट मात्र स्टोव्हचा पंप वाजला की हलायची.

पिल्लू वाचलं. काठीसारखं झालं होतं, पण एके सकाळी सलाइनची नळी चावायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आता घरीच ठेवा. बरं झालेलं पिल्लूही पुढे काही दिवस विष्ठेतून विषाणू टाकत राहतं, म्हणून खडूची रेघ आणखी दोन आठवडे राहिली. एकदा होऊन गेल्यावर त्याला स्वतःला मात्र हा आजार बहुतेक पुन्हा होत नाही. खालचं लॅब्रॅडॉर ठणठणीत राहिलं आणि त्याचे उरलेले डोस वेळेवर झाले. भाच्याने होस्टेलवर विचारलं. नाही म्हणाले.

बंड्या-चिंगीला काहीही झालं नाही. देखरेखीची मुदत संपल्यावर मी आईला म्हटलं, आता चिकन बंद, डॉक्टरांनी सांगितलंय की दोघंही ठणठणीत आहेत. आई स्टोव्हला पंप मारत म्हणाली, ‘डॉक्टर हुशार आहे पोरगी. पण लहान आहे.’