चौथ्या नंबरापासून खाली

वय वाढलं की माणसाचा वेग उतरतो, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी आमचा ग्रुप पाहिलेला नाही. कॉलेज सुटल्यापासून आमच्यातल्या प्रत्येकाचा वेग वाढतच चाललाय. आत्ताचा नव्हे, कॉलेजातला. आमचा कॅप्टन शेवटच्या वर्षी दहा किलोमीटर ४४ मिनिटांत धावायचा. त्याच्या लग्नाच्या पंगतीत त्या ४४ ची ४१ झाली, मुलीच्या बारशाला ३९, आणि बँकेत मॅनेजर झाला त्या वर्षी एकदम ३७. आता मुलगी बारावीला आहे आणि कॅप्टन ३५ वर आलाय. जागतिक विक्रम २६ मिनिटांच्या आसपास आहे आणि कॅप्टनच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. मला धोका दिसतो.

याला कारण आमचे जिमखान्याचे सर. भला माणूस, पण त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच एकच. क्रॉस कंट्रीत पहिल्या तिघांची वेळ वहीत लिहायची, की घड्याळ खिशात. चौथ्यापासून पुढच्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा यायचा, त्यावर स्केचपेनने नंबर: १७, २३, ४१. तो घेऊन टेबलापाशी जायचं, तिथे नाव लिहून घ्यायचे आणि ओंजळीत चमचाभर ग्लुकोज पावडर टाकायचे. घामाने ती तळहाताला चिकटून बसायची, मग चाटण्यावाचून इलाज नसायचा. वेळ कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. म्हणजे चौथ्या नंबरापासून खाली कुणाचीही वेळ कुठेही लिहिलेली नाही, आणि ती ठरवायला ज्याचा तो मुखत्यार आहे.

अपवाद एकच. आमच्यातली एक मैत्रीण मुलींत दुसरी आली होती. तिची वेळ सर्टिफिकेटवर आहे, सही-शिक्क्यासकट. बिचारीला इतक्या वर्षांत एक सेकंद इकडेतिकडे हलता आलेलं नाही.

खरं सांगायचं तर आम्ही धावायला लागलो ते काही खेळाच्या ओढीने नव्हे. वाशिंद, आसनगावची पोरं कल्याणच्या कॉलेजात यायची ती कसारा लोकलने. कल्याणहून कसाऱ्याकडे रूळ दोनच. त्यावरून आधी लांब पल्ल्याच्या गाड्या, मग मालगाड्या, आणि मधे फट सापडली तर आम्ही. एक लोकल चुकली की पुढची यायला तास लागू शकतो, आणि पहिल्या तासाच्या लेक्चरला हजेरी घेणारे सर तेवढा वेळ थांबत नाहीत. त्यामुळे घरापासून पुलाच्या पायऱ्यांपर्यंत पळणं, ही वाशिंदच्या पोरांची नित्याची सकाळ. निवड चाचणीत ही पोरं पुढे कशी, हे डोंबिवलीच्या पोरांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना पाच मिनिटांत दुसरी गाडी मिळायची. आमच्या मुरबाडवाल्या मित्राची गोष्ट आणखी निराळी. मुरबाडला रेल्वेच नाही, तो एसटीने कल्याण गाठायचा. एसटी हात केल्यावर थांबते, पण आपल्यापासून शंभर पावलं पुढे जाऊन. हल्ली शहरात याच प्रकाराला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात आणि त्याची फी घेतात.

तर यंदा जानेवारीत वाशिंदला दहा किलोमीटरची शर्यत जाहीर झाली. कॅप्टनने ग्रुपवर लिहिलं, ‘जुनी टीम उतरवायची.’ अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी जुना फोटो टाकला, कुणी त्यातले केस मोजले. मग मैत्रिणीने शर्यतीचं पत्रक टाकलं. त्यात टी-शर्ट, मेडल, नाश्ता यांच्याखाली लिहिलं होतं: टायमिंग चिप.

ग्रुप दोन दिवस शांत होता.

तिसऱ्या दिवशी एकाचा गुडघा दुखायला लागला. दुसऱ्याच्या मेव्हण्याचा साखरपुडा नेमका त्याच रविवारी निघाला. चिप म्हणजे बिब नंबरच्या मागे चिकटवलेली एक पट्टी. सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर मॅट अंथरलेली असते. तिच्यावरून पाय गेला की नोंद झाली. पूर्वी निदान ‘मी गर्दीत मागे होतो, रेषेपर्यंत यायलाच तीन मिनिटं गेली’ असं म्हणायची सोय होती. चिप तुम्ही रेषा ओलांडल्यावरच मोजायला लागते. माणसाला म्हणून काही शिल्लक ठेवलेलं नाही.

धीर द्यायला कॅप्टनने मोठा मजकूर पाठवला. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खटपट केली, सर दोराबजी टाटांनी पाठबळ दिलं, आणि कुस्तीच्या मुलखातला हा गडी एकोणिसावा आला. ‘आपणही त्याच मातीतले,’ असा शेवट होता. त्याखाली मैत्रिणीने लिहिलं, ‘त्यांची वेळ २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. शंभर वर्षं होऊन गेली, अजून तेवढीच आहे.’

यावर कुणाला काही सुचेना. कहर म्हणजे त्या वर्षीचा मार्ग आजच्या ४२.१९५ नव्हे, ४२.७५ किलोमीटरचा होता. अर्धा किलोमीटर जास्त! आमच्यातल्या एकाला जरी असा अर्धा किलोमीटर लाभला असता, तर त्याच्यावर तीन पिढ्यांनी बसून खाल्लं असतं.

अखेर तिनेच सगळ्यांची नावं नोंदवली, गुडघ्याचंही आणि साखरपुड्याचंही.

शर्यतीच्या पहाटे भातसा नदीच्या बाजूला धुकं होतं. मैदानावर झुंबा चालू होता. हल्ली झुंबा केल्याशिवाय कुणाला धावू देत नाहीत. मुरबाडवाला आल्या आल्या आमच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पौषात म्हशाच्या जत्रेत बैल बघतात तसा एकेकाची पोटरी न्याहाळू लागला. पूर्ण फेरी मारून त्याने फक्त ‘हं’ म्हटलं. भाव पडला होता.

३५ मिनिटांचा माणूस म्हणजे किलोमीटरला साडेतीन मिनिटं. इभ्रतीखातर सुरुवात तरी तशी करावीच लागते, निदान बघणारे असतात तिथवर. कॅप्टन सुटला, त्याच्यामागे आम्ही. बाजारपेठ संपली, माणसं संपली, आणि कॅप्टनच्या बुटाची नाडी सुटली. खाली वाकून तो ती नाडी अशा निगुतीने बांधत होता की मागून आलेली सगळी जुनी टीम एकेक करून तिथे नाडी बघायला थांबली. मैत्रीण मात्र थांबली नाही. ‘गाठ मारता येत नसेल तर सांगा,’ असं म्हणून पुढे गेली ती परत दिसली थेट मेडल घातलेली.

पुढे वालाच्या शेतांमधून रस्ता. एक आजी कुडाच्या अंगणात शेगडीपाशी बसल्या होत्या. आम्हाला बघून लगबगीने उठल्या.

“गाडी गेली का रं?”

“नाही आजी, शर्यत आहे,” कॅप्टन धापा टाकत म्हणाला.

आजींनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “मंग इतकं हळू?”

पाच किलोमीटरला पाणी होतं, बाटलीबंद. भातसा आणि तानसा आमच्याच शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबई पिते. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. तेव्हा शर्यतीत बाटली मिळाली, हेच भाग्य समजून मी दोन घेतल्या. तेवढ्यात समोरून आश्रमशाळेची पोरं परतीला लागलेली दिसली. एकाच्या पायात प्लॅस्टिकचे सँडल, बिब नंबर बनियनला एकाच पिनने अडकवलेला, वाऱ्याने फडफडणारा. “काका, साइड,” एवढंच म्हणाला आणि गेला. त्याच्या पायांचा आवाजच येत नव्हता. आमचे येत होते. त्यातले काही गुडघ्यांचे होते.

शेवटी पोहोचलो. सगळे पोहोचलो, साखरपुडासुद्धा. गळ्यात मेडल पडलं, हातात पोह्यांची प्लेट आली, आणि पहिला घास तोंडात घालतो तोच चहूकडून खिशाखिशांत मेसेज वाजले. मैत्रीण ५८ मिनिटं १२ सेकंद. कॅप्टन १ तास १४ मिनिटं ०९ सेकंद. माझा आकडा इथे महत्त्वाचा नाही.

कॅप्टनने मेसेज तीनदा वाचला. मग मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. त्यात अंतर १०.१८ किलोमीटर दाखवत होतं.

“बघा,” तो म्हणाला, “रस्ता जास्त होता. अँटवर्पला हेच झालेलं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोहे संपेपर्यंत त्या १८० मीटरचे २०० झाले, चहा येईपर्यंत त्यात चढ आला. नाडी बांधण्याची किती मिनिटं वजा करायची, यावर मुरबाडवाला आणि गुडघा यांची बरीच बाचाबाची झाली आणि शेवटी सहावर तडजोड झाली. ती सहा सगळ्यांनाच मिळाली. नाडी एकाची असली तरी थांबलो सगळे होतो. मैत्रीण शेजारी बसून शांतपणे शेव वेचत होती.

चहा झाल्यावर कॅप्टन उठला आणि लॅपटॉप घेऊन बसलेल्या स्वयंसेवक मुलाच्या टेबलापाशी गेला. पोरगा अदबीने उभा राहिला.

“बोला काका. सर्टिफिकेटवर नावात दुरुस्ती आहे का?”

“नाव बरोबर आहे,” कॅप्टन खालच्या आवाजात म्हणाला.

त्याच्यामागे रांगेत मुरबाडवाला होता. त्याच्यामागे मी.