आठशेवाले

प्रत्येक सोसायटीत एक आठशेवाले असतात. त्यांचं खरं नाव वॉचमनला ठाऊक नसतं, आणि शेजाऱ्यांनाही ते लेटरबॉक्सवर वाचावं लागतं. आमच्या कोथरूडच्या आठशेवाल्यांकडे 1997 सालची पांढरी मारुती 800 आहे. दुसऱ्या सोसायटीत हेच गृहस्थ झेनवाले असतात, तिसरीकडे सँट्रोवाले. गाडी बदलते, माणूस तोच.

हे विंटेज गाड्यांचे शौकीन नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो. शौकीन माणूस गाडी कापडाखाली झाकून ठेवतो आणि रॅलीच्या दिवशी टोपी घालून बाहेर काढतो. आठशेवाले रोज चालवतात. भाजी, बँक, हयातीचा दाखला, कोणाचं बारसं, कोणाचं बारावं. पावसातही चालवतात, कारण ‘उभी ठेवली की गाडी बसते’. नवी घ्यायला पैसे नाहीत असंही नाही. मनात आणलं तर उद्या सकाळी शोरूममध्ये चेक फाडतील. मनात येत नाही एवढंच.

कारण विचारलं की हिशेब बाहेर येतो. ‘‘नवी घेतली असती तर महिन्याला पंधरा हजार हप्ता बसला असता. तो वाचला.’’ हा वाचलेला हप्ता त्यांनी आजवर किती वेळा खर्च केला, याला गणती नाही. त्यातून मुलाचं इंजिनिअरिंग झालं, वहिनींच्या पाटल्या झाल्या, चारधाम झालं, स्वयंपाकघराच्या फरश्या बदलून झाल्या, आणि तरीही तो हप्ता अजून शिल्लकच आहे. गॅरेजची बिलं या हिशेबात धरत नाहीत. ती ‘मेंटेनन्स’ नावाच्या वेगळ्या सदरात जातात, आणि त्या सदराची बेरीज मारायची त्यांच्या घरात पद्धत नाही.

गाडीचं घराणं त्यांना तोंडपाठ आहे. ते सुरू करतात 14 डिसेंबर 1983 पासून, म्हणजे इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली दिली त्या दिवसापासून. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर, 796 सीसी, तीन सिलिंडर. ‘‘तोवर होतं काय हो आपल्याकडे? अ‍ॅम्बेसेडर नाहीतर फियाट. नंबर लावा आणि वाट बघत बसा.’’ मग पंचवीस लाखांवर गाड्या कशा खपल्या ते येतं, आणि जानेवारी 2014 शी आल्यावर आवाज खाली येतो. त्या महिन्यात कारखान्यात 800 चं उत्पादन थांबलं. ‘‘चालती गाडी बंद केली! चालती!’’ कंपनीनं हा निर्णय त्यांना न विचारता घेतला, हे दुःख अजून ओलं आहे.

त्यांच्या गाडीत बसणं हे एक शास्त्र आहे. पुढचं डावं दार थोडं उचलून ओढायचं. आपटायचं नाही, आपटलं तर लागत नाही आणि आठशेवाले दोन मिनिटं बोलत नाहीत. मागचं डावं दार बाहेरून उघडतं, आतून उघडत नाही, तेव्हा मागं बसलेल्यानं उतरताना कोणीतरी येईपर्यंत वाट बघायची. मागचं उजवं कुठूनच उघडत नाही. ‘‘तिकडून उतरायचंच कशाला? रहदारी असते.’’ सगळे बसले की चोक ओढला जातो, पाय एकदाच अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो, आणि किल्ली फिरते. एवढ्या वेळात कोणी बोलायचं नसतं. इंजिन लागलं की मान आपल्याकडे वळते : ‘‘बघितलंत? अर्ध्या सेल्फमध्ये.’’

गाडीला एसी आहे. मात्र चढावर तो बंद करावा लागतो, सिग्नलला इंजिन तापतं म्हणून बंद करावा लागतो, आणि मे महिन्यात एकूणच त्याला त्रास देऊ नये असं त्यांचं मत आहे. डिसेंबर-जानेवारीत तो उत्तम चालतो.

गिअर चारच. पाचव्याची गरज आजवर पडलेली नाही, कारण साठच्या पुढं काटा न्यायचाच नसतो. साठलाही ते मधूनच हात वर करतात. ‘‘थांबा. ऐकलंत?’’ आपल्याला काहीही ऐकू आलेलं नसतं. टॅपेट असेल, सायलेन्सरचा क्लॅम्प असेल, बेअरिंगनं नुकतंच तोंड उघडलेलं असेल. घरात प्रेशर कुकरच्या सात शिट्ट्या यांच्या कानावरून जातात, पण बॉनेटखालचा वॉशर सैल झाला तर झोपेतून उठून बसतील, असं वहिनी म्हणतात. वहिनी स्वतः लग्नकार्याला शेजारच्यांच्या एसयूव्हीतून जातात. ‘‘साडी इस्त्रीची आहे,’’ एवढंच कारण देतात.

तरी एक मान्य करायला हवं. सदाशिव पेठेतल्या ज्या बोळात त्या एसयूव्हीला आरसे मिटून अंग चोरावं लागतं, तिथं आठशेवाले एका दमात यू-टर्न घेतात. साडेतीन मीटरही नसलेली गाडी, साडेचार मीटरांच्या आतल्या त्रिज्येत वळणारी, आणि बारा इंची चाकं. जावईबापूंची नवी गाडी त्यांनी लक्ष्मी रोडवर, तेही गणपतीच्या आधीच्या रविवारी, मागं बसून अनुभवली. पुढून माणूस आला की ती ओरडायची, डावीकडून स्कूटर आली की ओरडायची, पट्टा ओलांडला की स्टिअरिंग आपणहून ओढायची. लक्ष्मी रोडवर पट्टा कुठला आहे हे पुणे महापालिकेलाही सांगता येणार नाही, मग गाडीला कसं कळावं? ‘‘बाबा, सेफ्टी फीचर आहे ते,’’ जावई म्हणाले. ‘‘असू दे की,’’ आठशेवाले म्हणाले, ‘‘पण तिला जरा पुण्याचं सांगून ठेवा.’’

त्यांचं दुसरं घर म्हणजे गॅरेज. तिथं एक पत्र्याची खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली असते. मिस्त्री म्हणतो, ‘‘साहेब, ओरिजिनल आता येत नाही, लोकल टाकू?’’ यावर आठशेवाले काही न बोलता उठतात आणि नाना पेठ गाठतात. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नाही मिळालं तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार आहेच. त्यांच्या घरच्या दिवाणात वरच्या थरात गोधड्या आणि खाली क्लच केबल, फॅन बेल्ट, डिस्ट्रिब्युटरची टोपी, पॉइंट सेट आणि डाव्या बाजूचे तीन आरसे आहेत. उजव्या बाजूचा एकही नाही. ‘‘तो मिळेल कधीतरी.’’

काटकसर, जुन्याची आवड, हट्ट ही सगळी कारणं लोक देतात; मला ती अर्धवट वाटतात. एकदा त्यांनी जावयाच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. आत सगळीकडून प्लॅस्टिकचं काळं झाकण. ‘‘इंजिन कुठंय?’’ ‘‘खाली आहे, बाबा.’’ ‘‘प्लग कुठं?’’ जावयांना माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माहीत असायची गरजही नव्हती. आठशेवाल्यांचा चेहरा मात्र उतरला. नंतर म्हणाले, ‘‘माझी बंद पडते हो, नाही कोण म्हणतो? पण का बंद पडली ते मला कळतं.’’ या माणसाचा फोन रात्रीत अपडेट होऊन सकाळी सगळी बटणं हलवून ठेवतो. बँकेचं अ‍ॅप दर महिन्याला नवा पासवर्ड मागतं. टीव्ही लावायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन ज्याच्याशी थेट बोलता येतं असं यंत्र त्यांच्या घरात ही एक गाडीच उरली आहे.

सरकारशी त्यांचा वाद जुना आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी लागते आणि मग दर पाच वर्षांनी. ते आरटीओत नव्या सर्टिफिकेटला जातात तेव्हा वहिनी देवापुढं दिवा लावतात. पूर्वी फी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून 5,000 झाली, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000. वर पर्यावरण कर वेगळा. ते एकाच बैठकीत सरकारला शिव्या देतात आणि पावती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावतात. सक्तीच्या नव्या नंबरप्लेटवर मात्र ते खूश आहेत. तिनं गाडी दहा वर्षांनी लहान दिसते म्हणे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप खराब होतात, हे कळल्यापासून त्यांना झोप नाही. ‘‘ऊसवाल्या शेतकऱ्याचं भलं व्हावंच हो. पण ते माझ्या कार्ब्युरेटरमधूनच कशाला?’’ दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी अमलात आणा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं, तेव्हापासून त्या शहराचा विषय निघाला की ते म्हणतात, ‘‘दिल्लीत आता माणसानं श्वास कसा घ्यावा?’’ प्रदूषणामुळे की बंदीमुळे, ते स्पष्ट करत नाहीत.

एका प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नाही. 800 ला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, आणि जुनं इंजिन धूरही जास्त सोडतं. मायलेजचा कोणी विषय काढला तर ते तासभर भांडतील. एअरबॅगचा काढला तर चष्मा पुसतात. नात सुट्टीला आली की फिरायला जायचं ठरतं आणि गाडीची किल्ली खुंटीवरच राहते. आठशेवाले स्वतः, कोणी न सांगता, टॅक्सी मागवतात, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसून सगळा रस्ता त्याच्या गिअर टाकण्याकडे बघत राहतात.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असे कोणी असतील, तर त्यांना ‘‘अजून किती दिवस चालवणार?’’ असं विचारू नका. फार तर ‘‘विकायची आहे का?’’ म्हणून विचारा. ते लगेच ‘हो’ म्हणतात आणि किंमतही सांगतात. त्या किमतीत शोरूममधली नवी येते.