कार्तिकातले अनाहूत पाहुणे

गॅलरीतले पक्षिनिरीक्षण म्हणजे पदरमोड करून बाजरी आणणे, ती पारव्यांना घालणे आणि थिरथिऱ्याची वाट पाहणे. त्याचा उत्तम हंगाम कार्तिक लागल्यापासूनचा. भाद्रपदात पान वाढून तासभर तिष्ठले तरी जो कावळा फिरकत नाही, तो आता न बोलावता येतो. त्याची नोंद करू नये.

साहित्यात फीडर, मूठभर बाजरी, पाण्याचे पसरट मातीचे भांडे, दुर्बीण आणि घरच्यांची सहनशक्ती एवढे पुरते. फीडर असा टांगावा की चिमणीला बसता येईल, पारव्याला नाही. बाजारातले अनेक फीडर याच तत्त्वावर बनतात. पारव्यांना हे अद्याप कळवलेले नाही. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे विकार होऊ शकतात आणि त्यांना दाणे घालण्याचा वाद मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयात गाजला. तेव्हा गर्दी वाढली की बाजरी बंद करावी, पाणी रोज बदलून ठेवावे. निरीक्षणाचे त्यात काही बिघडत नाही. थंडीसाठी उत्तरेकडून येणारे थिरथिरा, धोबी, माशीमार मुख्यतः किडे खाणारे. बाजरी त्यांच्या लेखी वाळू. ते येतात पाण्यावर, नाहीतर कुंडीतल्या अळ्या-मुंग्यांवर.

थिरथिरा चिमणीएवढाच. नर वरून काळपट, पोटाला विटकरी; मादी तपकिरी, पण शेपूट तिचेही विटकरीच. कुंडीच्या काठावर येतो, पुढे झुकून एक मुजरा करतो आणि शेपूट अशी थरथरवतो की नावाचा खुलासा तिथेच व्हावा. या क्षणी दुर्बीण कपाटात असणे हा निरीक्षणाचा अविभाज्य भाग आहे.

ओळख पटवताना शेजाऱ्यांचे ऐकून घ्यावे, लिहून घेऊ नये. तुरा दिसला की ते ‘सुतार’ म्हणून मोकळे होतात; हिरवळीत चोच खुपसत फिरणारा तो सुतार बहुधा हुदहुद असतो. ‘ठिपक्यांचा ससाणा’ निघतो कोकिळा. कुहूकुहू करणारा तिचा नर काळा कुळकुळीत, आणि गाण्याचे श्रेय मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिला. वाद पेटल्यास मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ उघडावा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नये. तिथे तो गरुड ठरतो.

शिक्रा ओळखायला पुस्तक लागत नाही. चिवचिवाट मध्येच कापल्यासारखा थांबतो, खार गजाला चिकटून थिजते आणि कपड्यांच्या दोरीवर राखाडी पाठीचा, तांबड्या डोळ्यांचा एक गृहस्थ बसलेला असतो. तो दाण्यांसाठी आलेला नसतो, दाणे खाणाऱ्यांसाठी आलेला असतो. फीडर यशस्वी झाल्याचा याहून मोठा दाखला नाही, पण चिमण्यांचे मत विचारात घेऊन तो चार दिवस काढून ठेवावा.

थिरथिऱ्याचा मुक्काम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत. पारवा बारमाही.