काळी-पिवळीवाले

काकूंनी त्यांचं नाव ‘काळी-पिवळीवाले’ ठेवलं ते ऐंशीच्या दशकातच. मुलाच्या खोलीत पोस्टर लागलं होतं. चार तरणेबांड पुरुष, केस खांद्याखाली फुललेले, चेहऱ्याला रंगरंगोटी, अंगाला चिकटलेले कपडे आणि नखशिखांत पिवळे-काळे पट्टे. काकू म्हणाल्या, “ही मुंबईची टॅक्सी कॅलिफोर्नियात कोणी आणली?” तेव्हापासून स्ट्रायपर हे त्या बँडचं खरं नाव त्या घरात कोणी घेत नाही.

हे सगळं मला कुंपणापलीकडून कळलं. आमची आणि काकांची मागची अंगणं लागून आहेत, मधे लाकडी फळ्यांचं कुंपण, आणि त्याच्यावरून कढीपत्ता आणि बातम्या दोन्हींची देवाणघेवाण चालते. परवा कढीपत्ता मागायला गेले तर काका गराजचं दार उघडं टाकून तबकडी पुसत बसलेले.

“काय काका, जुनं काढलंत आज?”

“अगं, पोराचा फोन होता. म्हणे बाबा, माझी ती एलपी फेकू नका, तिची चाळिशी येतेय. ‘टू हेल विथ द डेव्हिल.’ २४ ऑक्टोबर १९८६ ला आली होती.”

“आणि नाव बघ,” काकू आतून. “घरात असं नाव लिहिलेलं ठेवायचं!”

“अगं पण सैतानालाच ‘मसणात जा’ म्हणतायत ना ते! भाविक पोरं होती. नावच मुळी बायबलवरून, यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातून घेतलेलं.”

“देवाचं म्हणतात तर एवढं किंचाळतात कशाला?”

काकूंचा हा प्रश्न त्या काळी अर्ध्या अमेरिकेला पडला होता, हे मला नंतर कळलं. बँड आमच्याच भागातला, ऑरेंज काउंटीचा. मायकेल स्वीट गाणारा आणि गिटारवाला, त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट ड्रमवर, ऑझ फॉक्स दुसऱ्या गिटारवर, टिम गेन्स बेसवर. आधीचं नाव रॉक्स रेजीम. रॉबर्ट प्रेक्षकांकडे तोंड करून नाही, आडवा बसून ड्रम वाजवतो, म्हणजे हात-पाय कसे चालतात ते लोकांना दिसावं. आणि कार्यक्रमात ही मंडळी काय करायची, तर आपले स्टिकर लावलेल्या, बायबलमधल्या ‘नव्या करारा’च्या प्रती गर्दीत भिरकावायची! हेवी मेटलच्या कार्यक्रमात डोक्यावर बायबल येऊन पडतंय, विचार करा.

“मग चर्चवाले खूश असतील,” मी म्हटलं.

काका हसले. “खूश? अगं, तिथंच तर खरी गंमत आहे. ऐक.”

काकांनी गंमत सांगायला घेतली की आवाज आपोआप खाली येतो, आणि आपण आपोआप कुंपणाला टेकतो. तर म्हणे, स्वीटांचं घर देवाच्या नादी लागलं ते टीव्हीवरच्या एका प्रवचनकारामुळे. जिमी स्वॅगर्ट. त्याच्या प्रवचनांचा कार्यक्रम लागायचा, तो बघून १९७५ च्या सुमारास हे अख्खं कुटुंब ख्रिस्ताकडे वळलं. मायकेल तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. पुढे पोरं मोठी झाली, गाजली, तर तोच स्वॅगर्ट त्यांच्यावर तुटून पडला. रॉक म्हणजे पाप, त्यात बायबल फेकणं म्हणजे तर हद्दच, असा त्याचा सूर.

“म्हणजे ज्यानं दीक्षा दिली त्यानंच झोडपलं?”

“आणि पुढचं ऐक की. १९८८ च्या फेब्रुवारीत तोच स्वॅगर्ट टीव्हीवर ढसाढसा रडत माफी मागताना सगळ्या देशानं पाहिला. वेश्येचं प्रकरण बाहेर आलं होतं त्याचं.”

“शिव शिव,” काकू आतून. म्हणजे आतून सगळं ऐकू येत होतं.

चर्चवाले हे असे, आणि रॉकवाले? त्यांना ही पोरं गुळमुळीत वाटायची. दारू नाही, शिव्या नाहीत, सैतान नाही, मग मेटल कसलं? दोन्हीकडून शिव्या खाऊन ही एलपी मात्र दहा लाखांच्या वर खपली. ‘ऑनेस्टली’ नावाचं तिच्यातलं संथ गाणं बिलबोर्डच्या यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. एमटीव्हीवर लोक फोन करून ‘फ्री’ आणि ‘ऑनेस्टली’ची फर्माईश करायचे, दिवसचे दिवस. ‘ऑनेस्टली’ तर इथल्या कितीतरी लग्नांत वाजलंय.

काकांनी एलपीचं आवरण माझ्या हातात दिलं. नुसतं काळं, वर बँडचं नाव.

“हे दुसरं आवरण,” काका म्हणाले. “पहिल्यावर चित्र होतं. लांब केसांचे चार देवदूत सैतानाला आगीत ढकलतायत. देवदूत दिसायला हुबेहूब बँडवालेच! धार्मिक पुस्तकांच्या दुकानदारांनी नाकं मुरडली, की आलं हे काळं. पोरगं अजून हळहळतं, पहिलं आवरण आपल्याकडे असतं तर, म्हणून.” आणि बँडची ही खोड काही गेली नाही. २०१८ मध्ये त्यांनी एका नव्या अल्बमचं नाव ‘गॉड डॅम इव्हिल’ ठेवलं, तर वॉलमार्टनं तो दुकानात ठेवायलाच नकार दिला.

“पण काका, मग नवी आवृत्ती घ्या की. हल्ली जुने अल्बम रीमास्टर करतात म्हणे. चकाचक.”

इथं काकांचा चेहरा बदलला. काका निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, गराजमध्ये दोन अ‍ॅम्प्लिफायर उघडे पडलेले असतात. रीमास्टर हा शब्द त्यांच्यासमोर उगाच टाकायचा नसतो.

“चकाचक म्हणजे काय ते आधी सांग,” ते म्हणाले. “स्टुडिओत गाणं होतं तेव्हा रुंद टेपवर चोवीस-चोवीस पट्ट्यांत वेगवेगळं नोंदलं जातं. ड्रम वेगळे, गिटार वेगळी, आवाज वेगळा. मग ते सगळं एकत्र करून डाव्या-उजव्या दोनच पट्ट्यांत उतरवतात, ते मिक्सिंग. त्या दोन पट्ट्या शेवटी तबकडीसाठी नीट करायच्या, ते मास्टरिंग. रीमास्टर करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा त्या दोनच पट्ट्या असतात. आता तुला बेस जास्त ऐकू यायला हवा, तर तो एकटा वर येत नाही. त्याच्याबरोबर पायाचा ड्रमही वर येतो, गिटारचा खालचा भागही येतो.”

“मग टेप जुनी असली तर?”

“तर आधी भाजायची.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांवरचा चिकटवणारा थर हवेतली ओल धरतो, टेप चिकट होते, वाजवली तर यंत्राच्या हेडला घासून खरडून निघते. म्हणून ती साधारण पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला काही तास गरम करतात. मग काही दिवस ती वाजवण्यालायक होते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. त्या टेपवर कोणाच्या विशी-बाविशीतला आवाज असतो, आणि ती भट्टीत!

“आणि मग करतात काय, सगळं मोठ्यानं करतात,” काका चिडूनच बोलत होते. “हळू भाग वर ओढायचा, मोठा भाग दाबायचा, म्हणजे सगळं सारखंच किंचाळतं. नव्वदीनंतर ही साथच आली होती. पण आता ऑनलाइन वाजवणाऱ्या कंपन्या सगळ्यांचा आवाज आपोआप एका पातळीला आणतात. मोठ्यानं केलेलं रीमास्टर तिथं खाली ओढलं जातं, आणि दाबलेलं मात्र दाबलेलंच राहतं. काय मिळवलंत?”

काकांनी मग प्रयोगच करून दाखवला. हा अल्बम नव्हे, दुसऱ्या कुठल्याशा बँडचा एकच तुकडा, जुन्या तबकडीवरून आणि फोनवरच्या रीमास्टरमधून, दोन्ही एकाच पातळीला आणून. फोनवरचं पहिल्या क्षणी भरलेलं वाटलं. मग काका म्हणाले, “फक्त स्नेअर ड्रम ऐक.” जुन्यात काठी पडली की टक्कन् आवाज यायचा आणि मधे जरा मोकळी जागा राहायची. नव्यात ती जागा गिटारनं भरून गेली होती, काठी पडली की नाही हे शोधावं लागत होतं. मला एरवी ड्रममधलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं. याचा अर्थ सगळे रीमास्टर वाईट, असं नाही. अशा ख्रिश्चन बँडांचे विस्मरणात गेलेले अल्बम रेट्रोअ‍ॅक्टिव्ह किंवा गर्डर यांसारख्या छोट्या कंपन्या नव्यानं काढतात, आणि काका ते हौसेनं घेतात. नीट हातानं केलेलं रीमास्टर म्हणजे जुन्या फोटोवरची धूळ पुसणं, असं ते मानतात. फोटोतल्या माणसाला नवा सदरा घालायला गेलात की त्यांची हरकत.

“पण काका, बेसचं म्हणत होतात ते...”

“हां! ते तर राहिलंच.” पुन्हा आवाज खाली. “या एलपीवर बेस कोणी वाजवलाय माहितेय? टिम गेन्सनं नाही.”

“मग फोटोत तोच आहे ना?”

“फोटोत तो, वाजवणारा ब्रॅड कॉब नावाचा भाडोत्री. अल्बम होत होता तेव्हा गेन्स बँडबाहेर होता, नंतर परतला, फोटोत आणि दौऱ्यावर तोच. म्हणजे उद्या कोणी रीमास्टर करून बेस मस्त वर काढला, तर लोक वाहवा कोणाची करतील? गेन्सची!”

काकू बाहेर आल्या, कढीपत्त्याची जुडी कुंपणावर ठेवली. “बिचारा तो कॉब,” म्हणाल्या. इतक्या वर्षांत काळी-पिवळीवाल्यांबद्दल त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला बरा शब्द.

आता खरी कुचाळकी पुढे आहे. या मंडळींनी जुनी गाणी धुऊन काढायचे निरनिराळे मार्ग करून पाहिलेत. १९८४ चा त्यांचा पहिला छोटा अल्बम, ‘द यलो अँड ब्लॅक अटॅक’, सहा गाण्यांचा. १९८६ मध्ये त्याचं मिक्सिंगच पुन्हा केलं, दोन गाणी जोडून आठ केली आणि परत बाजारात आणला. आणि २०१३ मध्ये ‘सेकंड कमिंग’ नावाचा अल्बम काढला, त्यात पहिल्या तीन अल्बमांमधली चौदा गाणी चक्क नव्यानं गायली-वाजवली, वर दोन नवी.

“नव्यानं कशाला? जुनी होती की.”

“जुनी आहेत कोणाकडे?” काका म्हणाले. “पहिले अल्बम काढणारी एनिग्मा कंपनी बंद पडली. आता ते सगळं हॉलीवूड रेकॉर्ड्सकडे. आणि हॉलीवूड रेकॉर्ड्स कोणाची? डिस्नेची.”

म्हणजे सैतानाला मसणात पाठवणारं गाणं आहे मिकी माऊसच्या कपाटात, आणि डिस्नेलँड इथनं गाडीनं किती लांब आहे ते आम्हाला विचारा, पाहुणे आले की तिथंच तर न्यावं लागतं. अमेरिकेत गाण्याच्या रचनेची मालकी एक आणि त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची मालकी दुसरी. करार तसा असेल तर कलाकाराला आपलंच जुनं मुद्रण वापरता येत नाही, पण करारातली मुदत संपली की तेच गाणं पुन्हा गाता येतं. टेलर स्विफ्टनं २०२१ पासून हाच मार्ग धरला आणि जगभर गाजावाजा झाला. काळी-पिवळीवाले त्याआधीच नवं मुद्रण करून बसले होते, कोणाला पत्ता नाही.

‘सेकंड कमिंग’मध्ये बेसवर खुद्द टिम गेन्स आहे. म्हणजे कॉबनं वाजवलेली गाणी शेवटी गेन्सनंच वाजवली. आणि ‘ऑनेस्टली’ त्यात नाहीच. ते का घेतलं नसेल यावर काका आणि त्यांच्या मुलाचं फोनवर तासभर भांडण झालंय म्हणे. मुलाचं मत, नवं मुद्रण जास्त दणकट, बेस ऐकू येतो, ड्रम छातीत बसतात. काकांचं मत, मायकेल स्वीट १९८६ मध्ये तेवीस वर्षांचा होता आणि २०१३ मध्ये एकोणपन्नास. एकोणपन्नासचा माणूस छान गातो, पण तेविशीतला तो पातळ, धारदार, जरा जास्तच उंच चढणारा आवाज पुन्हा कुठून आणणार?

मी दोन्ही मुद्रणं ऐकली. नवं मुद्रण व्यवस्थित आहे, कुठे चूक काढता येत नाही, आणि म्हणूनच मला ते परत लावावंसं वाटलं नाही. ‘कॉलिंग ऑन यू’ जुन्या मुद्रणात सुरू होतं तेव्हा दोन गिटारी एकमेकींच्या अंगावर रेलून वर चढतात, मागून तीन-चार थरांत आवाज येतात, आणि त्या सगळ्याच्या वर तो पोरगा ओरडतो, जणू उद्या गळा राहणारच नाही. चर्च काय म्हणेल, दुकानदार काय म्हणतील, याची काही पर्वा नसलेला तो आवाज आहे. पुढे १९९० मध्ये याच बँडनं पट्टे उतरवून काळं चामडं घातलं, दारूही सुरू झाली असं मायकेलनंच नंतर कबूल केलं, १९९२ मध्ये तो बाहेर पडला आणि २००३ मध्ये सगळे परत जमले. तो सगळा इतिहास त्या १९८६ च्या आवाजात अजून आलेला नाही. म्हणून तो पुसून घ्यावा, बदलू नये.

तेव्हा डिस्नेवाल्यांना या कुंपणावरून आमचं एवढंच सांगणं: टेप भाजायची तर जपून भाजा, आवाज दाबू नका, देवदूतांचं पहिलं आवरण परत द्या, आणि ब्रॅड कॉबचं नाव जरा मोठ्या अक्षरात छापा.