रात्री अकरानंतरची खरेदी

घरी बसून गाणी करणाऱ्या माणसाला रात्री अकरानंतर दोनच गोष्टी सुचतात. एक चाल आणि दुसरी खरेदी. चाल सकाळपर्यंत निम्मी विसरलेली असते. खरेदी मात्र तिसऱ्या दिवशी खोक्यात बसून दारात येते आणि ओटीपी मागते.

यात त्या माणसाचा फारसा दोष नाही. मुखडा जमतो, अंतरा अडतो. अडलेल्या अंतऱ्यापुढे तासभर बसण्यापेक्षा नव्या माइकची तारीफ करणारा व्हिडिओ बघणं कुणालाही सुखाचंच वाटेल. बघता बघता खात्री पटत जाते की अंतरा अडलाय तो माइकमुळेच.

माझ्या भाच्याने डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बाल्कनी बंद करून घेतली आणि तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, बरा हेडफोन आणि हातभर लांबीचा मिडी कीबोर्ड एवढं त्याच्याकडे होतं. एवढं लागतंच, त्यावर वाद नाही. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. एक दिवस त्याने फोन करून विचारलं, "मामा, क्रिएटिव्हिटी वाढेल असं काय घेऊ?"

मी म्हटलं, "स्टँड घे."

"कसला स्टँड?"

"गिटारचा. भिंतीला ठोकायचा मिळाला तर उत्तमच."

त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय. मी अगदी गंभीर होतो. त्याची गिटार पिशवीत, पिशवी कपाटावर, आणि कपाटापुढे इस्त्रीचं टेबल. सुचलेली ओळ वाजवून बघायची तर आधी टेबल हलवा, स्टुलावर चढा, चेन उघडा, तारा लावा. एवढं होईपर्यंत ओळ कुठे टिकते? तीच गिटार हाताशी लटकत असेल तर चहा उकळेपर्यंतही माणूस दोन कॉर्ड वाजवतो, आणि त्या दोनमधून कधी तिसरी निघते. पेटीचंही तसंच. झाकण लावून, वर टॉवेल घालून, टॉवेलवर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवलेली पेटी घरात असून नसल्यासारखी. घराघरांतल्या पेट्या बिघडून कमी आणि रद्दीखाली जास्त गप्प झाल्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

म्हणून असल्या कंटाळवाण्या खरेदीवर माझा फार जीव आहे. लांब केबल. बटणवाला एक्स्टेन्शन बोर्ड, एकदा दाबला की सगळं चालू. पेटीखाली ठेवायचा बुटका चौरंग. यांचे व्हिडिओ कुणी करत नाही, कारण एक्स्टेन्शन बोर्डाच्या आवाजातल्या उबेबद्दल वीस मिनिटं बोलणं अवघड आहे.

पण यंत्रं घेऊच नयेत असं म्हणणाऱ्या साधूंपैकी मी नाही. यंत्रानेही सुचतं. कसं सुचतं ते बघायचं तर मुंबईच्या चरणजित सिंग यांची गोष्ट आठवावी. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे हे वादक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं होती: टीआर-८०८ हे तालाचं, टीबी-३०३ हे खर्जाचं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. सिनेमात तेव्हा डिस्कोचा सुळसुळाट होता. डिस्कोचा ठेका ठेवून त्यावर राग वाजवले तर काय होईल, एवढाच यांचा प्रश्न. १९८२ साली त्यांनी ललित, भूपाळी, तोडी, मालकंस असे दहा राग या यंत्रांवर ध्वनिमुद्रित केले. तबकडी निघाली आणि फारशी कुणी विकत घेतली नाही. लग्नाच्या वरातीला चालेना, मैफिलीच्या श्रोत्याला पचेना.

यातलं टीबी-३०३ हे मुळात बास गिटारवाला न मिळालेल्या गिटारिस्टांसाठी काढलेलं. बास गिटारसारखं ते कधीच वाजलं नाही. त्यावर स्वर भरणं इतकं किचकट की भल्याभल्यांनी नाद सोडला, आणि १९८४ मध्ये कंपनीनेही सोडला. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात पडू लागली, शिकागोतल्या पैसे नसलेल्या पोरांनी ती उचलली, बटणं भलतीकडे फिरवली, आणि १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा अख्खा प्रकार बाहेर पडला. पुढे हॉलंडमधल्या एका संग्राहकाला चरणजित सिंगांची जुनी तबकडी सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि ऐकणारे चक्रावले. हा आवाज मुंबईत पाच वर्षं आधीच येऊन गेला होता! सत्तरीच्या घरातल्या या गृहस्थांना मग परदेशातून कार्यक्रमांची आमंत्रणं आली. २०१५ मध्ये ते गेले.

शिकागोच्या पोरांचं कौतुक आहेच, पण मला चरणजित सिंगांचं जास्त वाटतं. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. जपानी इंजिनिअरच्या मनात ती बास गिटारची घसर असणार. मुंबईच्या वादकाने तिच्यात मींड ऐकली. यंत्र घरात आलं तेव्हा त्या माणसाच्या कानात राग होते आणि डोक्यात प्रश्न होता. आपल्याकडे बहुधा यंत्र आधी येतं आणि याचं करायचं काय, हा प्रश्न हप्ते सुरू झाल्यावर पडतो.

योगायोगाने त्याच १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका भाड्याच्या घरात गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रापुढे बसला होता. दोन साधे माइक, एक गिटार, माउथ ऑर्गन आणि थोडंफार सटरफटर. बेत असा, की ही फक्त कच्ची नोंद. पक्कं रेकॉर्डिंग मोठ्या स्टुडिओत बँडबरोबर करायचं. केलंही. पण कॅसेटमध्ये जे होतं ते स्टुडिओत येईना. शेवटी खिशात घेऊन हिंडलेल्या त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला. चारच ट्रॅक म्हणजे गळा आणि गिटार गेल्यावर जेमतेम दोन उरतात. तिथे व्हायोलिनचा ताफा घालायचा मोहच होत नाही.

भाच्याच्या लॅपटॉपवर ट्रॅकची मोजदाद नाही. परवा गेलो तेव्हा तो ढोलाचा आवाज निवडत होता. सॉफ्टवेअरमध्ये असे आवाज शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकाला एखाद्या परफ्यूमला शोभेल असं नाव असतं. धप. धप्प. ढप. "मामा, कुठला बरा?" मला तिन्ही सारखेच वाटले. बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, आतून विचारलं, "अरे, भिंतीत खिळा ठोकतोयस का?" संध्याकाळ त्यातच गेली. गाण्याचा एक स्वर लागला नव्हता, पण ढोल निवडून झाला होता, आणि पोरगा दमला होता. वर नोव्हेंबरात ही सॉफ्टवेअरं ऐंशी-ऐंशी टक्के सवलतीत मिळतात. न घेतल्यास आपलं नुकसान होईल असं गणित ते लोक व्यवस्थित पटवून देतात, आणि दिवाळीचा बोनस तेव्हा खात्यात ताजाच असतो.

माझं मत विचाराल तर ज्या वस्तूत एकच आवाज आहे ती घ्यावी. मनातली गोष्ट त्यातून काढताना माणसाला डोकं चालवावं लागतं. आपली पेटीच बघा ना. तिला मींड येत नाही. स्वर पट्टीत बसवलेले, ते हलत नाहीत. याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. पण गोविंदराव टेंब्यांची कीर्ती त्या पेटीवर उभी होती, आणि १९११ साली 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली दिल्या त्या त्यांनीच. त्या चाली गायक आजही गातात. पेटीत नव्हती ती मींड गळ्यासाठी मोकळी राहिली, असं मला आपलं वाटतं. पेटीवाले मित्र यावर माझ्याशी भांडतात. भांडोत.

माइकच्या बाबतीत आपल्याकडच्या घरांचा वेगळाच घोटाळा आहे. परदेशी सल्लागार सांगतात, कंडेन्सर माइक घ्या, तो बारीकसारीक सगळं टिपतो. बरोबर आहे, टिपतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर दिली की तो वरच्या मजल्यावरची खुर्ची टिपतो, कुकरची तिसरी शिट्टी टिपतो, 'भंऽऽगारवालेय्' टिपतो आणि वैशाखात कोकीळ टिपतो, तोही कायम वेगळ्याच पट्टीतला. गायकाचा श्वास ऐकू यावा म्हणून घेतलेला माइक शेजारच्या जोशीकाकूंचं महिन्याचं बजेट ऐकवतो. त्यापेक्षा ऑर्केस्ट्रात दिसतो तो जाळीच्या डोक्याचा साधा डायनॅमिक माइक घ्यावा आणि तोंडाशी धरून गावं. तो मुळात कानाने जरा जड असतो, लांबचं फारसं मनावर घेत नाही. सोसायटीत राहणाऱ्याला हा गुण महत्त्वाचा.

त्याच पंक्तीतले अंड्यांचे ट्रे. भिंतीला ट्रे चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, ही समजूत मराठी तरुणांत पक्की आहे. आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, बंद फटी. कागदाच्या लगद्याने शेजारी वाचत नाहीत. खोलीतला घुमारा कमी करायचा तर जाड आणि मऊ काहीतरी लागतं, आणि ते प्रत्येक घरात दिवाणाखाली पडलेलं असतं. दोन जाडजूड गोधड्या गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला टांगा. आजीच्या नऊवाऱ्यांची गोधडी मागे टांगून गाताना सूर जरा नीट लावावासा वाटतो, हा वरचा फायदा. खर्च शून्य, फक्त थंडीत रेकॉर्डिंग बंद.

आता माझ्याच नियमाला छेद देणारी वस्तू सांगतो. हाताशी असेल, झटकन चालू होईल तेच घ्या, असं म्हणत आलो. तंबोरा यात कुठेच बसत नाही. चार तारा, पण त्या जुळवता जुळवता चहा गार होतो. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं, बोट लावलं की सुरू, पट्टी बदलायची तर पुन्हा एक बोट. रियाजाला ते चांगलंच आहे, प्रवासात तर वरदान. तरी जमत असेल त्याने एकदा मिरजेला जाऊन खरा तंबोरा घ्यावा, असं मी सांगेन. भोपळ्यापासून तंबोरा घडवणारी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घोडीचा माथा घासून घासून जवारी काढतात. तारेखालचा दोरा, ज्याला जीव म्हणतात, तो केसभर सरकवला की बोथट तार गुंजायला लागते. ते घरी आपण करतो तेव्हा हाताला जमण्याआधी कानाला जमावं लागतं. पंचम लागला का, षड्ज हलतोय का, खर्जातून गंधार आपोआप डोकावतोय का? ॲप या खटाटोपातून सुटका करतं, आणि तारा जुळवताना कान जो तयार होत जातो तोही त्याबरोबर सुटतो. बाकी यंत्रांना लागणारा वेळ मला फुकट गेल्यासारखा वाटतो. तंबोऱ्याचा तसा वाटत नाही. कपाटावर मात्र तोही ठेवू नये.

एक गोष्ट दुकानात मिळत नाही, ती म्हणजे तारीख. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. दर आठवड्याला नवं गीत, एकूण छप्पन्न. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, ठरलेल्या वेळी ते वाजलंच पाहिजे. त्या काळचं रेडिओचं तंत्र आजच्या भाच्याच्या बाल्कनीपेक्षा साधंच म्हणायचं. पण पुढच्या आठवड्याचं प्रक्षेपण कुणाची वाट बघत थांबणार नव्हतं. भाच्याला मी म्हटलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आईला एक पुरं गाणं ऐकवायचं, कसंही झालेलं असो. तो म्हणाला, "मामा, आईला नको. आई खरं बोलते."

तरी काही घ्यायचंच असेल तर नवं घेऊ नका. हौशी माणसांच्या वस्तू जुन्या बाजारात फार चांगल्या मिळतात. "जवळजवळ नवीन, क्वचित वापरलेला" असं लिहिलेलं असतं आणि त्यातलं अक्षर न्‌ अक्षर खरं असतं. इंटरफेस घेताना प्रत्येक भोकात केबल घालून बघा, बटण फिरवताना खरखर येते का ऐका. पेटी घेत असाल तर गाणं वाजवून दाखवायला सांगू नका, विकणारा छानच वाजवतो. सतत वाजणाऱ्या सुराचे खटके बंद ठेवून बाकीचे सगळे उघडा, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि सोडून द्या. स्वर आपोआप बोलला किंवा भाता लगेच रिकामा झाला, तर ती पेटी घेऊ नका.