सात गुणांचे सर

शिक्षणशास्त्र विभागातले हे सर ओळखायला सोपे. लॅपटॉपची बॅग बँकॉकच्या परिषदेची, पेन दुबईचं आणि दिवाणखान्यात बालीचा फोटो: सर कोटात घामाघूम, मागून जाणारा स्थानिक माणूस हाफ चड्डीत निवांत. बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला फिनलंड येतं. ‘तिकडे परीक्षाच नसतात’ हे त्यांचं लाडकं विधान. उच्च माध्यमिकच्या शेवटी तिथेही राष्ट्रीय परीक्षा असते, पण ती सरांच्या पीपीटीत बसली नाही. तिथल्या शाळेत शिकवायला पदव्युत्तर पदवी लागते, हे मात्र त्यांना तोंडपाठ. आपल्या महाविद्यालयांत पीएच.डी. झालेली मुलं तासिका तत्त्वावर राबतात, हा त्यांच्या शोधनिबंधाचा विषय नव्हे.

सरांना हसून घ्यावं, पण दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नये. त्यांना घडवलंय ते नेमणूक-बढतीच्या गुणांच्या तक्त्याने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निबंधाला 10 गुण होते, राष्ट्रीय परिषदेतल्या निबंधाला साडेसात. 2018 च्या नियमावलीने आणखी बारीक विचार केला: परिषद परदेशात असेल तर 7, आंतरराष्ट्रीय पण भारतात असेल तर 5, राष्ट्रीय असेल तर 3. म्हणजे निबंध तोच, वाचणारा तोच, पुष्कळदा ऐकणारेही नांदेड-जळगावचेच. मध्ये समुद्र आला की दोन गुण वाढतात. आता वाचन पंधरा मिनिटांचं. समोर चौघं: एक सत्राध्यक्ष, दोघं पुढचे वक्ते आणि चौथा सरांचा फोटो काढणारा. निबंध संपला, प्रमाणपत्र हातात पडलं, की सर स्थलदर्शनाला मोकळे. इतरांचे निबंध ऐकायला त्या तक्त्यात रकानाच नाही, मग त्यांनी का थांबावं? माणूस हिशोबी आहे, आळशी नाही.

यावर कोणी म्हणेल, ही आंबट द्राक्षं आहेत. बाहेर पडल्याशिवाय नजर रुंदावत नाही, आणि पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या नसत्या तर? आक्षेप वजनदार आहे. रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे बालोद्यान पद्धतीचं शिक्षण घेतलं, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि त्या देशाबद्दल मराठीत पुस्तक लिहिलं. प्रवासाला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. पण त्या तिथे राहिल्या, शिकल्या, आणि परतल्यावर बायकामुलींसाठी काही उभं राहिलं. उलट अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची नुसती माहितीपुस्तिका पडली, आणि 1916 मध्ये आपल्याकडे महिला विद्यापीठ सुरू झालं. स्वतः जग पाहायला ते निघाले 1929 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. आजच्या, हे गुण तपासणाऱ्या छाननी समितीपुढे त्या पुस्तिकेला शून्य गुण!

दुसरा आक्षेप असा, की सरांमुळे विद्यार्थ्यांनाही संधी मिळते. मिळते, दुसऱ्या नावाची. जिल्हा परिषदेच्या शाळा पालथ्या घालून प्रश्नावल्या भरून आणायच्या विद्यार्थिनीने, पीपीटी तिने करायची आणि निबंधावर पहिलं नाव सरांचं. व्हिसासाठी बँकेतली शिल्लक दाखवायची वेळ आली की वडिलांचं पासबुक आड येतं. मग ती ऑनलाइन हजर राहते, आणि तिचा आवाज सभागृहात पोचायच्या आत वेळ संपल्याची घंटा होते. खरं तर देवाणघेवाणीचा उपयोग तिलाच जास्त. फुलब्राइट-नेहरूसारख्या शिष्यवृत्तीवर सहा-नऊ महिने परक्या विद्यापीठात काढणाऱ्या संशोधकाला तिथल्या ग्रंथालयाची, वर्गातल्या भांडणांची आणि स्वतःच्या अज्ञानाची नीट ओळख होते. तीन रात्री-चार दिवसांत ओळख होते ती हॉटेलच्या नाश्त्याची.

तेव्हा छाननी समितीला एक विनंती. पुढच्या वेळी सरांची फाइल उघडाल तेव्हा प्रमाणपत्र बाजूला ठेवा. तिथल्या कोणाशी अजून पत्रव्यवहार चालू आहे, आणि परतल्यावर बी.एड.च्या वर्गाला त्यातलं काय, कोणत्या तारखेला, मराठीतून सांगितलं, एवढं विचारा. उत्तर आलं तर सातच काय, दहा गुण द्या.